मीठ बंद, बांगडा चालू

"तुम्हाला टॉक्सिमिया झालाय," कांदिवलीच्या प्रसूतिगृहातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. मला नववा लागून चारच दिवस झाले होते. टॉक्सिमिया म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढतो, अंगाला सूज येते, लघवीतून आल्ब्युमिन, म्हणजे अंगातलं प्रथिन, जातं. वेळीच आवरलं नाही तर आईला झटके येतात, बाळ पोटातच दगावू शकतं. मी तेवढं शेवटचंच ऐकलं. आधीचं माझं एक बाळ सातव्यात गेलं होतं.

खरं तर पंधरा दिवस बांगड्या हातात रुतत होत्या, डोकं ठणकत होतं. दिवस भरत आले की सूज यायचीच, असं म्हणून मी गप्प बसले. तुम्ही बसू नका. तोंड-हात सुजले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हुकूम झाला: डाव्या कुशीवर पडून राहायचं, मीठ बंद, आठवड्याने दाखवायला यायचं. खाडीपलीकडे मनोरीला घरी पोचताच सासूबाईंनी मिठाची बरणी माळ्यावर टाकली. पेज अळणी, कालवण अळणी. घास उतरेना, म्हणून त्या रोज तोंडी लावायला खारा बांगडा भाजून देत. मी मिटक्या मारत खायची.

आठवड्याने प्रेशर आणखी चढलेलं. डॉक्टरबाईंनी मला दाखलच करून घेतलं आणि काय काय खाल्लं ते विचारलं. बांगडा ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, तो मिठातच मुरवलेला ना!"

"मीठ कुठं घातलंय बाय? मासलीच हाय ती," सासूबाई म्हणाल्या. जन्मभर मासळी खारवलेली बाई! बोलता बोलताच त्यांचा चेहरा उतरला.

पुढचे तीन आठवडे वॉर्डात गेले. तेव्हा सोनोग्राफी कुठली? डॉक्टरबाई पोटावर नळी टेकवून बाळाचे ठोके ऐकत, आणि मी श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत राही. सासूबाई रोज होडीने खाडी ओलांडून, पुढे बस धरून डबा आणत. ताजा मासा, नुसता उकडलेला. एकदा वैतागून मी डबा परत ढकलला. त्यांनी झाकण लावून तो पिशवीत ठेवला.

शेवटी प्रेशर उतरेना, म्हणून डॉक्टरबाईंनी कळा आणवल्या. मुलगी झाली, जेमतेम पाच पौंडांची, पण खणखणीत रडली. त्या बाईंनी आम्हा दोघींना वाचवलं, हे मी आजही भेटेल त्याला सांगते.

त्यांनी मुलगी सासूबाईंच्या हातात दिली. सासूबाईंनी नातीला डोळे भरून पाहिलं आणि हळूच विचारलं, "बाय, आता मी मीठ खाऊ?"

"तुम्हाला कुणी बंद केलं होतं?"

"हिला अलनी घालायचं नि आपून चवीनं जेवायचं?"

तीन आठवडे त्या माझ्याच डब्यातलं जेवत होत्या, आणि तोच डबा मी ढकलला होता. त्या दिवशी मी मुलीपेक्षा मोठ्याने रडले.