नरसय्यामामांचा मिरीचा वेल

नरसय्यामामा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी छापखान्यात पाणीटंचाईवरची पत्रकं वाळत घालत होतो. ते दुसरं पत्रक. पहिल्यात मीच लिहिलं होतं की गल्लीतल्या बाया नळावर ताटकळतात आणि एक विणकर शौकाचा वेल भिजवतो. नाव घातलं नव्हतं... पण आमच्या गल्लीत मिरीचा वेल दुसऱ्या कोणाकडे होता?

मामा आमचे शेजारी, हातमागावर साड्या विणत. कर्नाटकातल्या शिरसीकडच्या पाव्हण्यानं दिलेली तीन पेरांची फांदी त्यांनी पालापाचोळ्याच्या कुजक्या खतात लावली आणि मागाच्या खोलीत, काथ्या गुंडाळलेल्या खांबावर चढवली. दाट, ओल्या रानातलं झाड सोलापुरात जगेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. ते जगलं आणि मी पत्रक काढलं. दुसऱ्या दिवशी नळावर मामींची घागर रांगेतून मागं सारली गेली. "वेलाला पाजा की आधी," असं एक बाई बोललीही.

मामा भांडले नाहीत. त्यांनी मला घरात बोलावलं. कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून मागाजवळची जमीन ते विहिरीच्या मचूळ पाण्यानं रोज शिंपत. त्या गारव्यावरच वेल जगत होता. वर दोन-तीन दिवसांनी भांडी विसळलेलं तांब्याभर पाणी, बस्स. त्यांनी माझं बोट कुंडीत खुपसलं.

"ओल लागती न्हवं? मग पानी कशाला? लई झालं की मुळं कुजत्यात." मग हळूच म्हणाले, "एवढं छाप की."

छापतो म्हणालो... छापलं नाही. पाण्यावरून पालिकेविरुद्ध हवा तापली होती. एक चूक कबूल केली तर उरलेलं खरंही खोटं ठरवतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. तत्त्वाच्या नावाखाली एका माणसाची अब्रू अडकवून ठेवली. तापानं अंथरुणाला खिळल्यावरही त्यांनी दोनदा विचारलं, "निघालं का रं?"

म्हणून आज लिहितो. मामांनी त्या वेलाला नळाचं ताजं पाणी कधीच घातलं नाही. मी न बघता लिहिलं.

ते गेल्यापासून मी आमच्या घागरीतलं पाणी रोज त्या वेलाला घालत होतो, प्रायश्चित्त म्हणून. परवा पानं पिवळी पडून गळाली. मामींनी बुंध्याशी उकरलं, मुळं काळी पडली होती. शेंड्याकडची हिरवी फांदी तीन पेरांवर तोडून त्यांनी नव्या कुंडीत लावली. मी तांब्या उचलला, तो त्यांनी काढून घेतला.

"बस हितं. आदी नुस्तं बघ."

मी बंद मागासमोर बसलो.