आत्याबाईंच्या पाठीवर माझा पाय

मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की कंबरेची उसण जाते, असं आमच्या साताऱ्याकडे मानत, आणि लग्न होऊन आले त्या वडनेर भोलजीतही. मराठी मुलखाचं नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. माझी शाळा चौथीतच सुटलेली, माहेर फार लांब. माझं बोलणं ऐकून बाया हसल्या की सासूबाई त्यांना गप्प करायच्या, "हसता काऊन वं? लेकरू दुरून आलं." ते उपकार मी विसरले नाही.

मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांची कंबर कित्येक वर्षांची दुखरी. वाकून वाकून कापूस वेचलेला, निंदण केलेलं, डोक्यावर पाणी वाहिलेलं. मी पायाळू असल्याचं कळलं तशा त्या ओसरीवर पालथ्या पडल्या.

"दे पाय."

मी नुसता टेकवायची आणि लगेच त्यांच्या पाया पडायची. शेजारच्या काकू बघून म्हणायच्या, "सासूले लाथा माराले भेटते, नशीबवान आहेस बाप्पा!" सासूबाई पडल्या पडल्या हसायच्या.

पण गुण येईना. "फूल ठेवल्यावानी काय ठेवतं? उभी राह्य," त्या म्हणाल्या. भिंत धरून मी दोन्ही पायांनी पाठीवर उभी राहिले. कट्‌ असा आवाज आला.

"हाव, आता मोकळं झालं."

मग आठवडाभर रोज तेच.

एका सकाळी चुलीतला निखारा त्यांच्या डाव्या अंगठ्यावर पडला. मला जळकट वास आला. त्यांना पत्ताच नाही. मी निखारा झटकला आणि अंगठ्यावर पाणी ओतलं. माझ्या पायानं यांचा पाय गेला, एवढंच डोक्यात.

बैलगाडीतून त्यांना नांदुऱ्याला नेलं. डॉक्टरांनी उताणं निजवून पाय सरळ वर उचलला. वीतभर उचलला तोच त्या ओरडल्या. मग गुडघ्यावर हातोडी, तळव्यावर टाचणी. शेवटी विचारलं, "पाठ कुणी तुडवली होती का?"

"नाही बा," सासूबाई पटकन म्हणाल्या. मला झाकत होत्या.

खरं सांगितलं तर मला माहेरी धाडतील. नाही सांगितलं तर यांचं औषध चुकेल.

"मी उभी राहिले होते," मी म्हणाले.

डॉक्टर रागावले नाहीत. "मणक्यापाशी नस दाबली गेलीय. वर्षानुवर्षांचं वाकणं आणि ओझं. तुमच्या वजनानं किती भर पडली, मला सांगता येणार नाही. यापुढे पाय द्यायचा नाही. फळीवर निजवा, ओझं बंद, मग हळूहळू चालवा. दुखणं थोडंफार राहील. पण लघवी अडली किंवा पाय लुळा वाटला, तर लगेच गाडी जुंपा."

परतीच्या वाटेवर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "कायले बोलली वं?"

त्यानंतर त्या न्हाणीत गेल्या की मी बाहेर कान देऊन उभी राहायची. रोज सकाळी त्यांना डोळे मिटायला लावून एकेक बोट दाबायची. करंगळी आधी कळू लागली, मग मधली बोटं. अंगठा काही केल्या कळेना. माझा चेहरा रोज उतरायचा, आणि तो त्यांना दिसत असणार.

एका सकाळी डोळे मिटल्या मिटल्याच त्या म्हणाल्या, "अंगठा. कळलं मले आज."

मी अजून हात लावलाच नव्हता.

"हो आत्याबाई, अंगठाच," मी म्हणाले.