आबांची खबरदारी आणि बिनमिरचीचं भरीत

खबरदारी हा शब्द आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, इतका वापरला की तो एव्हाना झिजून जायला हवा होता. असोद्याहून इथल्या इथे जळगावला निघाले तरी मोटारसायकलच्या डिकीत सुतळी, पंक्चरचं सामान आणि भर उन्हाळ्यात रेनकोट. एकदा खबरदारी म्हणून दाराला दाबायची दोन कुलपं लावली आणि दोन्हींच्या किल्ल्या घरातच राहिल्या. तेव्हापासून एकेक किल्ली शेजारी असते. तीही खबरदारीच.

माझी दोन स्थळं बोलणी होऊन फिसकटली होती. तिसरं धुळ्याचं. मुलगा पुण्याला नोकरीला. आम्ही फोनवर तीनदा बोललो आणि मला तो मनापासून आवडला होता. हे जुळावं म्हणून मी देवाला नारळही बोलले होते. आबांना ते ठाऊक होतं, म्हणून तर ते जास्तच घाबरले होते.

पाहुण्यांसाठी मळ्यात भरताचा बेत ठरला. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली. आई ठेचायला बसली, तोच आबांनी तिच्यापुढची हिरव्या मिरच्यांची परडी उचलली.

"पोरगा पुन्याले ऱ्हातो. त्याले तिखट सोसनार नाही. खबरदारी घेतलेली बरी."

"मंग याले भरीत काहाले म्हनता?" आई म्हणाली. पण तिने तसंच केलं. रागाने वांगी जरा जास्तच ठेचली गेली.

पंगत बसली. मुलाचे वडील, धुळ्याचे नाना, यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. दुसरा घेतला. मग भाकरीचा तुकडा ताटात ठेवून दिला. आबांचा चेहरा उतरला.

"भाऊ," नाना म्हणाले, "जेवन बठ्ठं चांगलं शे. पन मिरची कोठे शे?"

कोणी काही सांगायच्या आत त्यांनीच सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत चार लवंगी मिरच्या. "दुसराना घर जेवाले जानं म्हंजे खबरदारी लेनी पडस."

एक त्यांनी स्वतः घेतली, एक मुलाला दिली. तो पुण्याचा नाजूक पोरगा ती काकडीसारखी खाऊ लागला. तिसरी त्यांनी आबांपुढे धरली. आबा नानांकडे जत्रेत हरवलेला भाऊ सापडल्यासारखे बघत होते. स्थळ त्याच पंगतीत पक्कं झालं.

लग्नात आबांनी दोन जनरेटर आणले, दोन आचारी सांगितले. पाठवणीला मात्र मी गाडीत बसले तेव्हा ते एकामागून एक खिसे चाचपत उभे होते. डोळे वाहत होते आणि रुमाल नव्हता. आयुष्यभर इतकं सांभाळणाऱ्या माणसाला तेवढं सुचलं नव्हतं. ते पाहून मला जास्तच रडू आलं.

नाना पुढे आले. त्यांनी खिशातून घडी घातलेले दोन रुमाल काढले. एक आबांच्या हातात दिला आणि दुसऱ्याने स्वतःचे डोळे पुसले.