सुजलेला घोटा आणि विक्रमी हंगाम

पुण्याला कॉलेजात मी बास्केटबॉल खेळायचे. जर्मनीत आल्यावर खेळणं सुटलं, बघणं सुटलं नाही. नोकरी नेकारसुल्मला, आणि घरापासून ट्रामच्या अंतरावर एक व्यावसायिक क्लब, दुसऱ्या श्रेणीतला. दरवर्षी हंगामभराचा पास, इथली दाउअरकार्टे, काढायची आणि दरवर्षी चरफडत घरी यायचं, हे ठरलेलं. नवऱ्याला या खेळात रस नाही.

यंदा मात्र आमचा संघ हरायलाच तयार नव्हता. लागोपाठ विजयांचा क्लबचा जुना विक्रम जवळ आला तसा हॉल भरू लागला. त्याच सुमारास सासरे तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. तरुणपणी ते बँकेच्या संघातून खेळलेले. पहिल्याच सामन्यात ते माझ्या कानाशी पुटपुटले, "अगं, सामना खिशात आहे, मग त्या पोराला बाहेर का काढत नाहीत? लंगडतोय तो."

ते पोर म्हणजे आमचा पॉइंट गार्ड, अमेरिकेतून आलेला. सगळा खेळ त्याच्या हातात. घोट्याला जाड पट्टी बांधून तो शेवटच्या मिनिटापर्यंत पळत होता.

"बाबा, विक्रम आहे ना," मी म्हणाले.

"विक्रमाचं काय लोणचं घालायचंय?"

मला राग आला. इतकी वर्षं मी या संघाचे पराभव बघितले होते, आणि हे आयते विजयाच्या वेळी येऊन नाकं मुरडत होते. पण त्यानंतर माझंही लक्ष चेंडूऐवजी त्या पट्टीकडेच जायला लागलं, आणि सामन्याची मजा गेली ती गेलीच.

विक्रम मोडला. छतावरून फुगे सोडले. आम्ही गुणतक्त्यात पहिले आलो आणि प्ले-ऑफमध्ये गाठ पडली ती आठव्या क्रमांकाच्या संघाशी. पाचातले तीन सामने जिंकायचे होते. दोन त्यांनी घेतले, दोन आम्ही कसेबसे ओढले. पाचवा आमच्या हॉलमध्ये. पॉइंट गार्डला धड वळता येत नव्हतं. त्याच्यासमोरचा खेळाडू सारखा त्याच्या उजव्या बाजूनं निसटून जात होता, आणि आमचे प्रशिक्षक हाताची घडी घालून बघत होते. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. हरलो.

आणि मग लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले! दारात क्लबची माणसं पोस्टर वाटत होती, 'रेकोर्डझेझोन', म्हणजे विक्रमी हंगाम. शेजारच्या खुर्चीवरच्या आजी पोस्टरची गुंडाळी करत म्हणाल्या, "तरी छानच झालं की."

काय छान झालं? मी पोस्टर घेतलंच नाही.

"अमेरिकेतल्या त्या विक्रमवाल्या संघाचंही हेच झालं होतं," बाबा म्हणाले. "ब्याऐंशीपैकी त्र्याहत्तर जिंकले आणि फायनल घालवली. त्यांच्या आधी बहात्तर जिंकणाऱ्यांनी मात्र कप नेला होता."

"अहो बाबा, आत्ता नको ना."

बाहेर पडताना तो पॉइंट गार्ड दिसला. खेळाडूंच्या दाराशी बाकावर, पायावर बर्फाची पिशवी. मी काही म्हणायच्या आत बाबा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि आपल्या बँकेतल्या इंग्रजीत विचारलं, "पाय कसा आहे?"

"बरा नाही," तो म्हणाला.

मला राहवलं नाही. "तुमच्या प्रशिक्षकांनी तुम्हाला आधीच विश्रांती द्यायला हवी होती," मी म्हणाले.

त्यानं नकारार्थी मान हलवली. "त्यांनी दोनदा बसवलं होतं. मीच भांडून मैदानात उतरलो. मला तो विक्रम हवा होता." मग म्हणाला, "तुम्हाला नको होता?"

विक्रम झाला त्या दिवशी खुर्चीवर चढून मीच नाचले होते.

बाबांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि आम्ही ट्रामच्या थांब्याकडे निघालो. वाटेत ते एकदाही "मी म्हटलं होतं" असं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं, निदान त्यांच्याशी भांडता आलं असतं. आठवडाभर मी मनातल्या मनात प्रशिक्षकांना झाडत होते. आता तेही जमेना.