भूममध्ये उन्हाची कमी?

दवाखाना चालवणाऱ्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. ते स्वतः येतात, बाहेर बाकावर बसतात आणि नंबर लागला की आत येऊन स्टुलावर टेकतात. सर्दी-तापाचे किस्से संध्याकाळपर्यंत विसरायला होतात. व्हिटॅमिन डीचे मात्र विसरत नाहीत, कारण तिथं उपचाराच्या आधी भांडण होतं!

मी भूमला प्रॅक्टिस करते. मदतीला शबाना सिस्टर, आणि शेजारी प्रकाशचं मेडिकल. आम्ही तिघं चहाला बसलो की कुणीतरी सुरू करतंच, "ते आठवतं का..."

*

पहिला मान कदम गुरुजींचा. ईट गावचे रिटायर्ड शिक्षक. कंबर दुखायची, मांड्या दुखायच्या, जिना चढताना कठडा धरावा लागायचा. तपासण्या केल्या, रिपोर्ट आला.

मी म्हटलं, "गुरुजी, व्हिटॅमिन डी फारच कमी आहे. ते अंगावर ऊन पडलं की तयार होतं. तुम्हाला ऊन कमी पडतंय."

गुरुजींनी चष्मा काढला आणि रिपोर्ट माझ्याकडं परत सरकवला. चुकीचं उत्तर लिहिलेली वही पोराला परत द्यावी तसा.

"मॅडम, आपल्या तालुक्यात पाण्याची कमी आहे म्हणा, ऐकतो. डॉक्टरांची म्हणा, एसटीची म्हणा, नोकऱ्यांची म्हणा. पण उन्हाची कमी?"

बाहेर मे महिना होता. बाकाला हात लावला तर चटका बसत होता. शबाना तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाली.

मग एकेक विचारत गेले. गुरुजी फिरायला जायचे ते उजाडताना. पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्यावर टोपी, गळ्यात उपरणं. ऊन चढायच्या आत घरात, आणि मग दिवस मावळेपर्यंत कूलरसमोर! मी समजावलं, की सकाळचं कोवळं ऊन बरं वाटतं, पण डी तयार व्हायला साधारण अकरा ते दोनच्या मधलं ऊन लागतं. थोडा वेळ बसलं तरी चालतं, पण ते कातडीवर पडायला पाहिजे, शर्टावर नाही.

"म्हणजे शर्ट काढून बसू?"

"बनियनवर बसा."

गुरुजींनी शर्टाचं वरचं बटणही लावून घेतलं. "मॅडम, अर्धं गाव माझ्या हाताखालनं गेलंय. तुम्ही आपली औषधाची पुडी लिहून द्या!"

*

शिंदेंचं वेगळंच. ते बँकेत कॅशियर. रिपोर्ट बघून म्हणाले, "शक्यच नाही. माझं टेबल खिडकीला आहे. दिवसभर ऊन अंगावर असतं. घाम पुसून पुसून रुमाल बदलावा लागतो!"

"खिडकी उघडी असते का?"

"छे! एसी चालू असतो ना."

मी सांगितलं, की काचेतून उकाडा आत येतो, डी तयार करणारे किरण येत नाहीत. शिंदेंना फसवल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं उकडून घेतलं आणि मिळालं काय, तर घाम!

माणूस मात्र शिस्तीचा. औषध सुरू केलं आणि जेवणाच्या सुट्टीत बाह्या वर करून बँकेच्या पायरीवर बसायला लागले. पहिल्याच आठवड्यात मॅनेजरनी त्यांना आत बोलावून घेतलं. म्हणाले, "शिंदे, तुमची तब्येत महत्त्वाची आहे, मान्य. पण जरा मागच्या बाजूला बसा. तुम्ही पायरीवर दिसला की लोक सर्व्हर डाउन आहे समजून परत जातात!"

*

सगळेच किस्से हसण्यावारी जाणारे नव्हते. माने हवालदार रिटायर होऊन शेती करायचे. त्यांच्या भावाला मी डीच्या पुड्या दिल्या होत्या, आठवड्याला एक, दुधातून. भावाला गुण आला. मानेंनी त्याच पुड्या परस्पर कुठून तरी आणल्या आणि रोज एक घ्यायला सुरुवात केली. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही.

काही आठवड्यांनी मुलगा त्यांना घेऊन आला. उलट्या थांबत नव्हत्या, संडासला होत नव्हतं, तांब्यावर तांब्या पाणी पीत होते आणि बोलताना भरकटत होते. मुलाला भावाच्या नावानं हाक मारत होते. मला आधी शुगरची शंका आली. ती नॉर्मल निघाली. मग शबानानं मुलाला घरातली सगळी औषधं आणायला लावली. पिशवीत रिकाम्या पुड्यांचा ढीग!

रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलं होतं. मी त्यांना तसंच बार्शीला पाठवलं. तिथं सलाईनवर ठेवलं, किडनीवर लक्ष ठेवलं. माने वाचले, पण घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

बरे होऊन भेटायला आले तेव्हा मी जरा चिडूनच बोलले. "हवालदार, आठवड्यातून एक घ्यायची पुडी तुम्ही रोज का घेतली?"

ते खाली मान घालून म्हणाले, "मॅडम, औषध चांगलं हाय म्हणल्यावर आठवडाभर वाट कोण बघणार?"

*

त्यानंतर प्रकाशनं नियमच केला. डीची पुडी देताना प्रत्येकाकडून वदवून घ्यायचं, "आठवड्यातून एकदा." ज्यांना वार लक्षात राहत नाही त्यांच्यासाठी शबानानं सोपी युक्ती काढली, "बाजारच्या दिवशी घ्यायची." खेड्यातली माणसं बाजाराचा दिवस विसरत नाहीत. छान चाललं होतं.

एक दिवस हुसेनबी आल्या. बांगड्यांचा धंदा करणाऱ्या, तोंडानं फटकळ, मनानं मोकळ्या. त्यांना पुडी दिली. प्रकाशनं घोकवून घेतलं, "बाजारच्या दिवशी."

हुसेनबी पायरी उतरल्या, थांबल्या, परत वर आल्या.

"भाऊ, कौनसे बाजार को? म्या भूमचा करते, ईटचा करते, परंड्याचा पण करते. तिन्ही बाजार को ले लूं क्या?"

प्रकाशनं कपाळाला हात लावला. तेव्हापासून तो पुडीवर मार्करनं वार लिहून देतो!

*

शबानाच्या अम्मीला बरगड्यांत आणि पाठीत दुखायचं. हार्टचं असेल म्हणून घरातले घाबरले होते. ईसीजी चांगला आला. डी मात्र तळाला गेलेलं. घराबाहेर बुरखा, आणि घर असं की आत उन्हाची तिरीपही येत नाही.

शबाना म्हणाली, "अम्मी, दोपहर को छत पे बैठो."

"इत्ती धूप में कौन बैठता गे? और चारों तरफ लोगां के घर!"

शबानानं गच्चीवर दोऱ्या बांधल्या आणि चारी बाजूंनी जुन्या साड्या वाळत टाकल्या. आत ऊन आणि आडोसा, दोन्ही. अम्मी बाह्या वर करून बसायला लागल्या. दोन-चार दिवसांत शेजारच्या जाधवकाकू "मी पण येऊ का?" म्हणाल्या. त्यांचेही पाय दुखत होतेच. मग पलीकडची नवी सून आली. मग तिची जाऊ. कुणी शेंगा फोडायला आणायचं, कुणी लसूण सोलायला.

दुखणी कमी व्हायला लागली, पण ऊन घेऊन झालं तरी कुणी खाली उतरेना. सगळ्याजणी जिन्याच्या सावलीत बसून गप्पा मारायच्या. एकदा जाधवकाका मेडिकलमध्ये येऊन प्रकाशला म्हणाले, "ह्या उन्हाच्या औषधाचा साइड इफेक्ट कुठं लिहिलाय का? घेणार ही, आणि उपाशी मी!"

*

गणपत आबांनी नातवाला काखेत घालून आणलं. दीड वर्षाचं पोर, गुटगुटीत. उभं केलं की गुडघे बाहेर जायचे आणि दोन पायांत कंस व्हायचा. मनगटं जाड झालेली. अजून चालत नव्हतं. दृष्ट लागायला नको म्हणून जन्मापासून त्याला उंबऱ्याबाहेर काढलं नव्हतं, आणि आईच्या दुधावरच वाढवलं होतं.

आई रडकुंडीला आली होती. आबा मात्र खुशीत! "मॅडम, ही उगं घाबरती. पैलवानाचे पाय असेच असत्यात. म्या आत्ताच तालमीत सांगून ठेवलंय."

मी एक्स-रे दाखवून सांगितलं, की हे पैलवानी नाही, मुडदूस आहे. हाडं मऊ राहिलीत. वेळेवर औषध दिलं तर या वयात पाय सरळ होतात, नाहीतर पुढं ऑपरेशनवर जातं. आबांचा चेहरा पडला. पण औषध त्यांनीच दिलं, स्वतःच्या हातानं, एकही खाडा न करता. पोराला रोज अंगणातल्या उन्हात उघडंही खेळवलं.

वर्षभरानं पोर दवाखान्यात धावत आलं. वजनकाट्यावर चढलं, उतरलं, परत चढलं. पाय जवळजवळ सरळ. आई हसत होती. मी म्हटलं, "आबा, आता खूश ना?"

आबांनी सुस्कारा सोडला. "खूश हाय की. पर आता ह्याला शाळंत घालावं लागंल!"

*

आणि सुवर्णा.

ईटच्या बाजूचं मोठं शेतकऱ्याचं घर. सासू केशरबाई, नवरा दत्ता, आणि आठ महिन्यांचं बाळ. सगळी आत आली तेव्हा सुवर्णा दोन्हीकडं झुलत, पाय ओढत चालत होती. बाळ सासूच्या कडेवर होतं.

मी सुवर्णाला विचारायचे आणि उत्तर केशरबाई द्यायच्या.

"हिला काय बी झालं न्हाय, मॅडम. खाती-पिती चांगली. बसली की उठत न्हाय, एवढंच. पोटचं लेकरू उचल म्हणलं तर न्हाय म्हणती! आमच्या घरची सून कधी शेताला गेली न्हाय, उंबऱ्याबाहेर कामाला गेली न्हाय. एवढ्या सुखात कसला आलाय आजार?"

सुवर्णाच्या दंडाला देवऋष्यानं दिलेला काळा दोरा होता. गावात तिला बदक म्हणायचे. ती चालायला लागली की पोरं तिच्या मागं तसंच झुलत चालायची. दिवाळी झाली की तिला माहेरी, सास्तूरला नेऊन सोडायचं घरात ठरलं होतं. धडधाकट झाली तर परत आणायचं.

मी म्हटलं, "सुवर्णा, खाली उकिडवी बस बरं." ती बसली.

"आता ऊठ."

तिनं हात गुडघ्यांवर टेकले, मग मांड्यांवर. स्वतःच्याच अंगावर चढावं तशी ती वर यायला लागली आणि निम्म्यात कोसळली. शबानानं धरलं म्हणून डोकं आपटलं नाही.

"ढोंग हाय," केशरबाई म्हणाल्या.

मी अंगठ्यानं सुवर्णाची नडगी हलकीच दाबली. ती कळवळून ओरडली. मग केशरबाईंची नडगी तशीच दाबली. त्यांना काहीच दुखलं नाही. त्या बघायला लागल्या, आधी स्वतःच्या पायाकडं, मग सुनेच्या.

रिपोर्टमध्ये डी नसल्यातच जमा होतं, कॅल्शियमही कमी. खुब्याजवळ हाडाला बारीक चीर गेली होती. हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची गरज नाही म्हणून सांगितलं, काही आठवडे वॉकर दिला. मी दत्ताला समजावलं, की सतत घरात राहणं, त्यात बाळंतपण, वर अंगावरचं दूध. हिची हाडं आणि स्नायू दोन्ही रिकामे झालेत. औषधानं भरून येईल, पण महिने लागतील.

दत्ता मान हलवत होता. सुवर्णा पहिल्यांदाच बोलली, तेही अगदी हळू.

"म्हणजे, म्या आळशी न्हाय ना?"

दत्तानं तोंड भिंतीकडं वळवलं.

औषध सुरू झालं. हळूहळू वॉकर सुटला. झुलणं कमी झालं. एक दिवस तिनं माझ्यासमोर, कशाचाही आधार न घेता, जमिनीवरनं उठून दाखवलं. बाळासकट!

त्यानंतर एका दुपारी केशरबाई एकट्याच आल्या. पदराशी चाळा करतच बोलल्या.

"मॅडम, सुवर्णाची पुडी जरा कमी करता येती का?"

"का? काय त्रास होतोय तिला?"

"तिला काय न्हाय. परवा म्या सवयीनं म्हणलं, दुपारची भांडी पडलीत, ऊठ की जरा. उठली. समदी भांडी घासली, पालथी घातली. पिशवी भरली, लेकराला काखेत घेतलं. म्हणली, आत्या, तुमी मला माहेरी नेऊन सोडणार हुता न्हवं? तुमाला तरास नको. म्या आता चालत जाते. आन गेली की! स्टँडपर्यंत ताठ गेली. मागं वळून बघितलं बी न्हाय."

"दत्ता?"

"त्यो गेलता आणायला. त्याच्यासंगं येत न्हाय म्हणली." मग अगदी बारीक आवाजात, "तुमी फोन लावता का? तुमचं ऐकंल ती."

मी लावला. सुवर्णानं लगेच उचलला. मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "आत्या हायत का तिथं? द्या त्यांच्याकडं."

केशरबाईंनी फोन दोन्ही हातांनी कानाला धरला. बराच वेळ नुसतं "व्हय... व्हय..." चाललं होतं. मग एकदा "चुकलं, बाई" म्हणाल्या. परत "व्हय." मग फोन माझ्याकडं दिला. तिकडून तो बंद झाला होता.

"काय म्हणाली?"

केशरबाईंनी डोळे पुसले, डोक्यावरचा पदर नीट केला आणि उठून उभ्या राहिल्या.

"उद्या येती म्हणली. गाडी पाठवू नका म्हणली. वेशीपासून घरापर्यंत चालत येणार हाय."

"एकटी?"

"न्हाय. म्या वेशीवर जायचं, आन तिच्या जोडीनं चालायचं. भर दुपारी. समदी पारावर बसलेली असत्यात, तवा."