फुस्ससकट

डहाणू रोडच्या आमच्या मेकॅनिकला गाडी दाखवायची, तर आधी ती तोंडाने वाजवून दाखवावी लागते. बॉनेटला हात लावण्याआधी तो पाना खाली ठेवतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "काढा आवाज, शेठ."

माझ्या डिझेल गाडीत टर्बोचा जोर चढला की शिट्टी वाजायची. उभ्या गाडीत मात्र ती अगदी गप्प. दुसऱ्या दिवशी मुलीला परीक्षेसाठी सुरतेला न्यायचं होतं, म्हणून लाज गिळून मी भर रस्त्यात ओठ गोल केले. समोरचा चहावाला हसला. हा मात्र गाणं शिकवायला बसल्यासारखा म्हणाला, "अजून थोडं वर घ्या. आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर फुस्स होतं की नाही?"

"होतं."

"मग ते पण काढा ने!"

मग त्याने मला शेजारी बसवलं, काचा खाली केल्या आणि चिकूच्या वाडीच्या लांब कंपाउंडला लागून गाडी दामटली. भिंतीवर आपटून आवाज नीट ऐकू येतो, म्हणे. शिट्टी आली तसा त्याचा चेहरा उजळला. "तुम्ही हिच्यापेक्षा बरी वाजवता, शेठ."

टर्बोच्या हवेचा पाइप चिरला होता. त्याने तो बदलला. शिट्टी गेली, आणि तो जरा उदासच झाला.

पुढे एकदा मी भाजी घेऊन जात असताना त्याने हाक मारली. एक सुटाबुटातले साहेब गाडीपाशी अवघडून उभे होते. "शेठ, यांच्या गाडीला पण तीच शिट्टी, पण यांना काढायला जमत नाहीये. तुम्ही एकदा दाखवा."

मी इकडेतिकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि दाखवली. फुस्ससकट.