स्मारकाची हिरवळ

आमच्या गावच्या स्मारकाभोवतीच्या हिरवळीवर सकाळी नळीने पाणी मारतात. काल शेवंताकाकू रिकामी कळशी कडेवर घेऊन ते बघत उभ्या होत्या. काळ्या दगडावरच्या चार नावांतलं तिसरं त्यांच्या मुलाचं. तो सीमेवर मारला गेला.

स्मारक एका बिल्डरने स्वखर्चाने बांधलं. ‘‘गावाला एक रुपयाही लागणार नाही,’’ असं तो ग्रामसभेत म्हणाला, तेव्हा पहिला हात मी वर केला. फुकट मिळत असताना प्रश्न विचारणं मला कृतघ्नपणाचं वाटलं होतं. दान देणारा दगड देऊन जातो. त्याभोवतीचं सगळं पुढे गावाने जन्मभर पुरवायचं असतं. आता गावच्या टाकीतलं पाणी हिरवळीला रोज मिळतं आणि घरांना चौथ्या दिवशी.

ओशाळून मी म्हटलं, ‘‘काकू, भरून घ्या कळशी. माळ्याला मी सांगतो.’’

‘‘नको गुरुजी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लेकाच्या नावावर फुकटचं घ्यायला मला नाही जमायचं.’’

त्या रिकामी कळशी घेऊन निघून गेल्या. ग्रामसभेत मला ते किती सहज जमलं होतं.